एकसष्टाव्या पानावरचा कंस

"मॅडम, एक कंस राहिलाय," मगदूमअण्णा म्हणाले आणि त्यांनी माझ्यापुढे एकसष्टावं पान ठेवलं.

१९८४ सालचा मे महिना, एकवीस तारीख. मी विद्यापीठाच्या वाचनालयात पंख्याखालची जागा पटकावून प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची तपासत होते. सकाळचे अकरा वाजले होते आणि माझा जीव अगदी निवांत होता. प्रबंध लिहून झालेला, सरांनी तीनदा वाचलेला, निम्म्याहून अधिक टाइपही झालेला. आता फक्त बांधणी आणि सही.

मगदूमअण्णा आमच्या गणित विभागाचे टाइपिस्ट. पंचेचाळिशीचे, शिडशिडीत, कपाळावर बारीक गंध आणि शर्टाच्या खिशात नेहमी खोडरबर. शिक्षण मॅट्रिक. पण विभागातला एकूण एक प्रबंध त्यांच्या बोटांखालून गेलेला. गणितातलं आपल्याला काही कळत नाही, असं ते स्वतःच सांगायचे आणि आम्हीही फार खुशीत ते मान्य करायचो.

"कुठे राहिलाय?" मी विचारलं.

"हितं बघा. 'चूज' आलं की पुढं कंस येतोय. तुमच्या प्रबंधात चौदा जागी आलाय. हितं बी 'चूज' आलंय, आणि कंस न्हाई."

इंग्रजी प्रबंधातल्या 'चूज'पुढचा, म्हणजे 'निवडू'पुढचा, हा कंस हा माझे मार्गदर्शक हुद्दार सर यांचा कायदा. त्याबद्दल चार शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल.

आमचा विषय निवडीचा. अनंत घरं आहेत आणि प्रत्येक घरात दोन भाऊ आहेत असं समजा. प्रत्येक घरातला एकेक भाऊ निवडायचा तर 'थोरला घ्या' म्हटलं की काम झालं. पण प्रत्येक घरात भावांऐवजी एका साच्यातल्या, अगदी एकसारख्या दोन पणत्या असतील तर? दहा घरं असली तर बोट दाखवत फिरता येईल. अनंत घरं असली की बोट पुरत नाही आणि सांगायला नियमही सापडत नाही. मग गणितवाले सरळ गृहीत धरतात की अशी निवड करता येते. पण किती गृहीत धरायचं? कुणी सगळ्याच संचांसाठी धरतं, कुणी फक्त जोड्यांसाठी. यातल्या कुठल्या गृहीतातून कुठलं निघतं आणि कुठलं निघत नाही, हे तपासणं हा आमचा उद्योग.

या उद्योगातली खरी चोरी म्हणजे नकळत केलेली निवड. लिहिण्याच्या ओघात माणूस 'यातून एकेक घेऊ' म्हणतो आणि पुढे जातो, आणि कुणाच्या जोरावर घेतलं हे सांगायला विसरतो. म्हणून सरांचा दंडक होता, की जिथे काही निवडलं तिथे चौकोनी कंस घालून आधाराचा क्रमांक लिहायचा. माझ्या प्रबंधात 'नियम दोन' म्हणजे जोड्यांचा नियम, अनंत जोड्यांच्या रांगेतून एकेक वस्तू उचलण्याची मुभा. त्या एवढ्याशा मुभेतून मी एक बराच दणकट नियम काढून दाखवला होता. चौथं प्रकरण त्याच्यावरच उभं होतं, आणि खरं सांगायचं तर सगळा प्रबंधच चौथ्या प्रकरणावर उभा होता.

"राहिला असेल लिहिताना," मी म्हणाले. "द्या, सांगते."

पान हातात घेतलं, ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि मग ओळीवर बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचली.

विभागातल्या कॅरम स्पर्धेचा तक्ता असतो ना, तसे तक्ते डोळ्यांपुढे आणा. अंतिम सामन्यापासून मागे गेलं की दोन फांद्या, मग प्रत्येकीला दोन, असं करत शेवटी खेळाडूंची नावं. असे अनंत तक्ते एकापुढे एक मांडलेले, प्रत्येक आधीच्याहून लांब. प्रत्येक तक्त्यातून एक नाव निवडायचं. मी काय केलं होतं? सगळ्या तक्त्यांतली पहिली जोडी घेतली, नियम दोन लावला, एकेक फांदी निवडली. कंस होता. मग त्या फांदीवरची पुढची जोडी, पुन्हा नियम दोन. तिथेही कंस होता. आणि मग लिहिलं होतं, असंच पुढे करत गेलो की प्रत्येक तक्त्यातलं एकेक नाव आपण निवडलेलं असतं.

तक्ते लांबत जातात, त्यामुळे हे 'असंच पुढे' कधी संपत नाही. आणि नियम दोन फक्त एवढंच सांगतो की निवड करता येते, कुठली ते सांगत नाही. प्रत्येक पायरीवर शक्य असलेल्या निवडींची ही गर्दी. तिच्यातली एक घेऊन पुढच्या पायरीवर जायचं, आणि हे अनंत वेळा. म्हणजे निवडींचीच निवड. तिला माझ्याजवळ कुठलाच आधार नव्हता. सगळा जन्म ज्या चोरीवर पहारा करायचा, तीच मी भरदिवसा स्वतःच्या घरात केली होती.

"कितवा टाकू?" अण्णांनी विचारलं.

मी पानाकडे बघत राहिले.

"मॅडम?"

"दोन," मी म्हणाले. "दोन टाका."

"दोन?"

"हो."

अण्णा पान घेऊन गेले.

हे लिहिताना आजही मला लाज वाटते, पण ती झाकून ही गोष्ट सांगता येणार नाही. माझ्यापुढे काय होतं तेही सांगते. एकतीस मेला हुद्दार सर निवृत्त होत होते. त्या दिवसानंतर त्यांच्या नावावरची माझी नोंदणी रद्द होणार होती, आणि या विषयाचा दुसरा मार्गदर्शक आमच्या भागात दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता. मी गडहिंग्लजच्या एका कॉलेजात शिकवत होते आणि तीन वर्षांच्या रजेवर आले होते. एक जूनला रजा संपत होती. पदवीशिवाय परत गेले असते तर आठवड्याचे चोवीस तास आणि गठ्ठ्यांनी पेपर, यातून गणिताकडे पुन्हा कधी वळले असते असं मला वाटत नाही. घरचे काही बोलले नसते. पण मी स्वतःला काय सांगितलं असतं?

कँटीनमध्ये गेले. भजी मागवली आणि ताटलीकडे बघत बसले. परीक्षकाला दिसेल का? एक ओळ. सरांना तीनदा दिसली नाही. कंस असला की डोळा पुढे सरकतो, हे मला चांगलं माहीत होतं. कदाचित नंतर भरून काढता येईल. कदाचित नियम खरा असेल, फक्त सिद्धता सापडायची असेल. असं बरंच काही मी स्वतःला समजावलं. समजावताना एक गोष्ट मात्र कळत होती, की प्रामाणिक माणसाला इतकं समजवावं लागत नाही. चहासुद्धा न पिता उठले आणि टाइपिंगच्या खोलीत गेले.

अण्णा मशीनवर होते. मला बघून त्यांनी हात थांबवले.

"ते एकसष्टावं पान झालं का?" मी विचारलं.

"झालं की. कंस तेवढा ठेवलाय."

पान बाजूला वाळत घातल्यासारखं खिडकीत ठेवलं होतं. सगळं टाइप केलेलं, आणि त्या ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात फिकट पेन्सिलीनं लिहिलेला दोनचा आकडा.

"मी दोन टाका म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं हुतं. पण जरा थांबून सांगितलं." अण्णा माझ्याकडे न बघता रिबिन सरळ करत होते. "बाकीच्या टायमाला मी विचारलं तर तुम्ही मान बी वर करत न्हाई. 'दोन', 'चार', झालं. हितं तुम्ही थांबलासा."

"म्हणून?"

"म्हणून पेन्सिलीनं. खोडायला बरं पडतंय."

मी खिडकीतलं पान उचलून त्यांच्यापुढे ठेवलं. "खोडा, अण्णा. तिथे कुठलाच आकडा येत नाही."

त्यांनी खिशातला खोडरबर काढला, हलक्या हातानं आकडा पुसला आणि फुंकर मारली. का, कसं, काहीही विचारलं नाही. "मग फुडचं टाइप करू का थांबू?" एवढंच म्हणाले.

"थांबा."

हुद्दार सर वरच्या मजल्यावर आपलं कपाट रिकामं करत होते. सर रागीट म्हणून प्रसिद्ध. पहिल्या वर्षी त्यांनी माझी वही खिडकीबाहेर भिरकावली होती आणि मग स्वतःच खाली जाऊन आणली होती.

"सर, एकसष्टाव्या पानावर भोक आहे," मी एका दमात सांगून टाकलं.

त्यांनी पान घेतलं. उभ्याउभ्या वाचलं. मग खुर्चीत बसून वाचलं. चष्मा काढला.

"हे मी तीनदा वाचलंय."

"हो सर."

"आणि तिन्ही वेळा बरोबर म्हणालोय."

"हो सर."

"म्हणजे एकूण चार गाढवपणे झाले. एक तुझा, तीन माझे." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "कुणाला दिसलं?"

"मगदूमअण्णांना. कंस नव्हता म्हणून ते विचारायला आले." मी पानावरचा रिकामा कंस दाखवला. "आणि सर, मी त्यांना दोन टाका म्हणून सांगितलं होतं. चूक कळल्यावर. त्यांनी टाइप केलं नाही, पेन्सिलीनं लिहून ठेवलं."

आता वही नाही, मीच खिडकीबाहेर जाणार अशी माझी खात्री होती. पण सरांनी समोरच्या खुर्चीवरची पुस्तकं उचलून खाली ठेवली. मग म्हणाले, "दहा दिवस आहेत. बस."

चार दिवस मी ते भोक बुजवत होते. इकडून माती टाकली की तिकडून खचायचं. शक्य त्या सगळ्या युक्त्या केल्या. प्रत्येक युक्तीच्या शेवटी कुठेतरी तीच बिनआधाराची निवड दबा धरून बसलेली असायची. पाचव्या दिवशी सकाळी मी हात टेकले.

"होत नाही, सर."

"शिंत्रे, नीट सांग. तुला जमत नाही, की ते होतच नाही?"

मला राग आला. तीन वर्षांत पहिल्यांदा मी सरांना उलट बोलले. "मला काय माहीत? जमलं नाही एवढं माहीत आहे."

"मग माहीत करून घे," सर शांतपणे म्हणाले. "चार दिवस तू दारावर धडका देतेयस. तिथे भिंत असेल तर ती भिंत आहे हे सिद्ध कर. तेही गणितच आहे."

एखादी गोष्ट निघत नाही हे सिद्ध करायचं तर एक वेगळं जग रचावं लागतं. त्या जगात पहिला नियम पाळला गेला पाहिजे आणि दुसरा मोडला पाहिजे. तसं जग उभं राहिलं, की पहिल्यातून दुसरा निघतो असं कुणालाही म्हणता येत नाही. मी तक्ते घेतले आणि त्यांतल्या जुळ्या फांद्यांची अदलाबदल करायची मुभा दिली. त्या जगातल्या रहिवाशाला तक्ते दिसतील, पण काही ठरावीक पायऱ्यांपर्यंतच. दहा म्हणा, हजार म्हणा, कुठेतरी थांबावं लागणार. त्याच्या पुढच्या फांद्या त्याच्या लेखी पणत्यांसारख्या एकसारख्या. म्हणजे शेवटच्या नावापर्यंत सगळ्या तक्त्यांत तो पोचूच शकत नाही. मी हरखून ते सरांना दाखवलं.

सरांनी दहा मिनिटांत त्या जगाचा चुराडा केला. "तुझ्या या जगात जोड्यांचाच नियम मोडतोय. ही बघ, ही जोड्यांची रांग. यातून निवड करून दाखव." त्यांनी कागदावर अशी एक रांग मांडली, की माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नव्या पायरीच्या सम आणि विषम अदलाबदलींची ती जोडी होती. माझ्या ध्यानीमनी नव्हती.

पण ज्या रांगेनं जग मोडलं तिनेच ते दुरुस्त कसं करायचं हेही सांगितलं. पायऱ्या मोजायची रीत बदलायची. प्रत्येक टप्प्यावर जेवढ्या जोड्या आपोआप उद्भवतील तेवढ्या सगळ्या एकदम मोकळ्या करायच्या आणि मगच पुढे जायचं. दोन दिवस मी आणि सर एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून लिहीत होतो. सरांच्या पत्नी, काकू, दुपारी घरून थालीपीठ पाठवायच्या, ते कुणी किती खाल्लं याचं भान नसायचं. अठ्ठावीस तारखेला सकाळी साडेदहाला सरांनी शेवटची ओळ वाचली, पान उलटं ठेवलं आणि म्हणाले, "हे उभं राहिलं. आता पळ."

मी धावतच अण्णांकडे गेले. चौथं प्रकरण सगळं नवं होतं, आणि प्रस्तावनेतलाही बराच भाग.

अण्णांनी हस्तलिखित वरून खाली चाळलं. "म्हंजे आदी 'निघतंय' हुतं तितं आता 'निघत न्हाई' घालायचं, न्हवं?"

"तेवढंच, अण्णा. पण त्याची चौतीस पानं आहेत."

"असू द्या," ते म्हणाले. "'न्हाई'ला जागा जास्तच लागतिया." आणि त्यांनी मशीनमध्ये कोरा कागद सरकवला.

तीन दिवस ते जेवणाखेरीज उठले नाहीत. मी शेजारी बसून पानं तपासत होते. जिथे जिथे निवड होती तिथे ते थांबायचे, विचारायचे, आणि मी मान वर न करता आकडा सांगायचे. एकतीस मेला दुपारी चार वाजता पाच प्रती जमा झाल्या, पोच मिळाली, आणि मी ती पोच हातात घेऊन थेट सरांच्या खोलीत गेले. कपाटं रिकामी होती. टेबलावर निरोपसमारंभाचा हार पडला होता. मी पुढे होऊन नमस्काराला वाकले.

सरांनी झटकन पाय मागे घेतले.

"आधी खाली जाऊन ये," ते म्हणाले.

"कुठे, सर?"

"मगदूमकडे. आणि त्याला विचार, त्यानं पेन्सिल का वापरली."

मला वाटलं, ते तर मला माहीत आहे. पण सरांचा चेहरा बघून तशीच वळले. खाली आले. अण्णा मशीनवर खोळ घालत होते. मी पोच दाखवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून वाचली आणि परत दिली.

"अण्णा, सरांनी विचारायला सांगितलंय. त्या दिवशी तुम्ही पेन्सिल का वापरली?"

ते जरा घुटमळले. मग स्टूल पुढे ओढून म्हणाले, "बसा."

"मी हितं लागलो त्रेसष्टला. पैला प्रबंध टाइप केला त्यो हुद्दार सायबांचा. तवा सायबांच्या घरात लगीन निघालेलं, सगळी घाई. लिवलेल्यात एका जागी आधाराचा आकडाच नव्हता, मोकळी जागा. मी इचारलं, हितं कितवा टाकू? सायेब जरा थांबले. मग म्हणाले, तीन टाक. मी टाकला." अण्णांनी आपल्या बोटांकडे बघितलं. "सव्वा वर्सानं प्रबंध परत आला. तितं तीन येतच नव्हता. भरून काढायला सायबांची चार वर्सं गेली. आणि तवर दुसऱ्या कुणीतरी परदेशात त्येच छापून टाकलं."

"मग?" मी विचारलं.

"तवापासनं त्यो कंसाचा कायदा. आणि मला येगळं बोलावून सांगितलं, मगदूम, माणूस थांबून आकडा सांगाय लागला तर टाइप करायचा न्हाई. मी सांगितला तरी न्हाई. पेन्सिलीनं लिवायचा आणि वाट बघायची. येतंय माणूस माघारी." ते हसले. "तुम्ही दीड तासात आलासा. मी मनात म्हणत हुतो, संध्याकाळपत्तोर तरी येऊ द्या."

"हे तुम्ही मला आधी कधी सांगितलं नाही."

"सायबांनी सांगितलंय न्हवं, न इचारता कुणाला सांगायचं न्हाई. इचारलं तर, म्हणाले, माझं, हुद्दारचं, नाव घिऊन सांगायचं."

मी स्टुलावरून उठले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. अण्णा एवढे गडबडले की खुर्ची मागच्या मागे आपटली. "मॅडम, मॅडम, ह्ये काय! मी टाइपिस्ट माणूस!" ते म्हणत राहिले. दीड तास कुणीतरी माझी वाट बघत बसलं होतं, मी परत येईन असं धरून. मला स्वतःला तेवढी खात्री नव्हती. आज निवृत्त होऊनही मला बारा वर्षं झाली. पुढे नोकरी, मान, विद्यार्थी, सगळं त्या पदवीनं दिलं. पण ती पदवी मला आरशात बघता येईल अशी मिळाली, ते त्या दोघांमुळे, आणि त्यांचं हे देणं मी कधी विसरले नाही.

पुन्हा जिना चढून वर आले. सर तसेच बसले होते.

"विचारलंस?"

"विचारलं, सर."

"त्यानं माझं नाव घेतलं?"

"घेतलं."

सरांनी मान हलवली. मी वाकले. या वेळी त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.